मी शोध लावला, पण...

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. जळगावचा उन्हाळा काय असतो ते मी सांगायला नको. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. सकाळी सातच्या आत गच्चीवर कुरडया घालून मी खाली उतरले. चीक ढवळून दोन्ही हात भरून आले होते. आणि सुट्टीला पुण्याहून आलेली माझी बारा वर्षांची नात कूलरसमोर पालथी पडून पुस्तक वाचत होती.

"अगं, वर जाऊन कावळे हाकल जरा," मी म्हटलं. "हो," ती म्हणाली आणि हलली नाही. पुन्हा हाक मारली, पुन्हा "हो". तिसऱ्या वेळी मी सरळ पुस्तकच ओढून घेतलं आणि कव्हर बघून माझा हात थबकला. नॅन्सी ड्रू!

"अगबाई, ही बाई अजून आहे का?"

"ती बाई नाहीये आजी, अठरा वर्षांची मुलगी आहे."

खरंच की. मी तेरा वर्षांची होते तेव्हा ती माझी ताई होती. आता माझ्या नातीची ताई झाली आहे. मेलीचं वय काही वाढत नाही. आमचे मात्र गुडघे बोलायला लागले.

ज्या मैत्रिणींच्या घरी अजून तिची ओळख झाली नसेल त्यांच्यासाठी सांगते. नॅन्सी ड्रू ही अमेरिकेतल्या पुस्तकांतली हौशी गुप्तहेर मुलगी. एप्रिल १९३० मध्ये तिची पहिली तीन पुस्तकं एकदमच बाजारात आली. वडील वकील, आई लहानपणीच वारलेली, घरी स्वयंपाकपाणी बघायला हॅना नावाची प्रेमळ बाई आणि दाराशी नॅन्सीची स्वतःची निळी मोटार. कुठे कुणाचं मृत्युपत्र हरवलं, कुणाचे दागिने गेले, की निघाली ही मोटार घेऊन. सोबतीला बेस आणि जॉर्ज या दोन मैत्रिणी. शेवटच्या पानापर्यंत चोर सापडतो, गरिबाला न्याय मिळतो आणि सगळे नॅन्सीची पाठ थोपटतात.

मला हे पुस्तक मिळालं १९७५ सालच्या उन्हाळ्यात. आम्ही तेव्हा धुळ्याला राहत होतो. धुळ्याच्या जुन्या वस्तीतल्या सरळ, आखीव गल्ल्यांना नुसते आकडे आहेत, पहिली, दुसरी, तिसरी. तशाच एका गल्लीत आमचं मोठं एकत्र कुटुंबाचं घर. माझी मावसबहीण दादरहून आली, तिच्या पिशवीत पिवळ्या पाठीचं, जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक होतं. जुन्या घड्याळातलं रहस्य अशी त्याची गोष्ट. नॅन्सीची अगदी पहिलीच. माझं इंग्रजी म्हणजे आनंदच. मांडीवर डिक्शनरी घेऊन, ओळीओळीला ठेचा खात मी ते पंधरा दिवसांत संपवलं. आजी येता-जाता विचारायची, "काय वाची ऱ्हायनी वं?" मी म्हणायची, "अभ्यास!"

तसं रहस्यकथांचं वेड आमच्या घरात होतंच. धाकटे काका बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं आणायचे. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. अर्नाळकरांनी अशी हजारावर पुस्तकं लिहिली, आणि आमच्या गल्लीत ती भाड्याने फिरत-फिरत पानं सुटेपर्यंत वाचली जात. गुरुनाथ नाइकांचा तर तो बहराचा काळ. पण ती मोठ्यांची पुस्तकं. मुलींनी चोरूनच वाचायची, तांदूळ निवडायच्या ताटाखाली ठेवून. मुलांसाठी म्हणाल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे नुकताच पुस्तकरूपाने दौडायला लागला होता. सायकलवर टांग टाकून सुटणारा, संकटात जिभेने 'टॉक्' करणारा फुरसुंगीचा बनेश फेणे मला मनापासून आवडायचा. पण तो मुलगा होता. सायकल त्याची, धाडस त्याचं. आम्ही मुलींनी टाळ्या वाजवायच्या. इंग्रजीत एनिड ब्लायटनच्या पाच जणांच्या टोळीत दोन मुली असतात खऱ्या, पण त्यातली एक, जॉर्जिना, मुलगा म्हणवून घ्यायला धडपडते आणि दुसरी, ॲन, गुहेत मुक्काम पडला तरी तिथंसुद्धा सामानसुमान लावत बसते! आपलीच बहीण, हो की नाही?

म्हणून नॅन्सीचं मला इतकं अप्रूप वाटलं. ती मुलगीच होती, मुलगीच राहिली, आणि तरी शोध तिनेच लावला. फक्त एक गोष्ट मला आता, या वयात लक्षात येते. नॅन्सीला आई नाही. आई असती तर पहिल्याच पानावर "कुठे निघालीस उन्हाची?" अशी हाक आली असती आणि पुस्तक तिथंच संपलं असतं.

तर सांगत काय होते, त्याच वर्षी श्रावणात आमच्या घरी खरोखरची चोरी झाली.

खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते हे तुम्ही जाणताच. भाऊबंद सगळे एकत्र येतात, रोटाचे गहू निवडतात. आमच्या घरी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गहू मोजून घ्यायची रीत होती. बायकांनी दळायचं, त्यांच्या नावाची मूठ मात्र नाही. देवीच्या नारळाला नथ, दागिने घालून सजवायचं. त्यासाठी आजीने माळ्याखालच्या खोलीतली लोखंडी ट्रंक उघडली. तिचे दागिने लाल कापडाच्या वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधलेले असत. पाटल्यांची पुरचुंडी तिने उचलली, तर गाठ सुटेना. "तुझी नखं बारीक शेत, सोड वं," म्हणून तिने ती माझ्या हातात दिली. मी नखांनी, मग दातांनी गाठ सोडली. आत चार ढब्बू पैसे! चार तोळ्यांच्या पाटल्यांचा पत्ता नाही.

आजी मटकन खाली बसली. पण ओरडली नाही. हे मला नंतर फार आठवलं. तिने फक्त ते कापड हातात घेतलं, सुटलेल्या सुतळीकडे बघितलं आणि म्हणाली, "घरनी गोट घरमाच ऱ्हावाले जोयजे."

पोलिसात जाण्याचा प्रश्नच नव्हता. घरात पाहुणे, सणाचा दिवस, अब्रूची बाब. पण संध्याकाळपर्यंत कुजबूज सुरू झाली, आणि ती कुजबूज एकाच दिशेने गेली. माझी धाकटी काकी. लग्न होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. अमळनेरकडची. वडील मास्तर, देणंघेणं बेताचं. वय अवघं वीस. आखाजीला ती माहेरी जाऊन आली होती. आणि आखाजीनंतर महिन्याने तिच्या भावाने नवी सायकल घेतली होती! झालं. एवढा पुरावा पुष्कळ झाला. तोंडावर कुणी काही बोललं नाही. आपल्याकडे तशी पद्धत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी कोठीच्या खोलीची किल्ली तिच्याकडून काढून थोरल्या काकीकडे गेली.

मला मात्र, खरं सांगते, आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. मला माझं रहस्य मिळालं होतं. बाबांचं पंचांग बघायचं भिंग घेतलं, शंभर पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'संशयित'. एक, दूधवाला. दोन, भांडीवाली. तीन, शेजारची म्हातारी. चार, धाकटी काकी. मग पुस्तकातल्याप्रमाणे आधी घड्याळ तपासलं. बैठकीतल्या लंबकाच्या घड्याळात मला एक गंजकी किल्ली, दोन मेलेली झुरळं आणि पालीची अंडी मिळाली. घड्याळ बंद पडलं ते दोन दिवस. बाबांनी कान पिळला तो वेगळा.

नॅन्सीसारखी मोटार मला नव्हती. माझी हद्द गल्लीच्या कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. पण मला हळूहळू उमगलं की घरातल्या मुलीला एक मोठी सोय असते. तिच्याकडे कुणी बघत नाही. ती ताक घुसळत बसली की मोठी माणसं तिच्यासमोर काहीही बोलतात. ती कुठल्याही खोलीत केरसुणी घेऊन जाऊ शकते. आणि बायकांची कामं म्हणजे तरी काय? कुठली वस्तू कुठे असते, कुठून हलली, कुणी हलवली, हेच तर आपण दिवसभर बघतो.

दोन आठवड्यांनी मोठ्या काकांनी आडतीवरून कापसाच्या नमुन्यांची पुडकी घरी आणली. ओट्यावर पडलेलं एक पुडकं मी सहज सोडायला गेले, तर गाठ सुटेना. नखांनी, मग दातांनी. आणि माझ्या पोटात एकदम गोळा आला. तीच गाठ! सुतळीचं टोक दोनदा उलटं फिरवून घट्ट आवळलेली. आजी नेहमी सुरगाठ मारायची, तिच्या बोटांत सांधेदुखी होती, ओढली की सुटली पाहिजे. पाटल्यांच्या पुरचुंडीला होती ती निरगाठ, आणि ती आडतीवरची होती.

वहीत मी ते लिहिलं नाही. पेन्सिल उचललीच नाही म्हणा ना.

पुढचा पुरावा मी शोधायला गेले नाही, तोच आला. धोब्याकडे कपडे द्यायच्या आधी खिसे तपासायचं काम माझं. मोठ्या काकांच्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेली एक चिठ्ठी होती. गहाणाची. पाटल्या जोड एक, वजन, रक्कम, व्याज. व्याज भरायला म्हणून त्यांनी ती बरोबर नेली असावी. आणि खाली तारीख होती चैत्रातली. मैत्रिणींनो, चैत्रातली! काकी माहेरी गेली आखाजीला, म्हणजे वैशाखात. ती घरातून निघाली त्याच्या आधीच पाटल्या सावकाराच्या तिजोरीत पोचल्या होत्या. चैत्रात मोठ्या काकांनी घराचे कागद बघायचे म्हणून आजीकडून ट्रंकेची किल्ली मागून घेतली होती, तेही मला आठवलं.

मोठे काका वाईट माणूस नव्हते हो. हे मला मोठेपणी कळलं. १९७२ च्या दुष्काळाने खेड्यापाड्यातली येणी बुडाली. त्याच साली सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली आणि खाजगी कापूस व्यापाराची घडीच बदलली. पिढीजात आडतीवर पोट असलेल्या आमच्यासारख्या घरांत बाहेरून थाट तोच आणि आतून पोकळ, असं झालं होतं. काकांनी पेढी तगवायला पाटल्या ठेवल्या असतील. सोडवून आणू, कुणाला कळणार नाही, असं म्हणाले असतील मनाशी. पण नवी सून त्यात भरडली गेली तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही, त्याला मी आजही काही नाव देऊ शकत नाही.

चिठ्ठी घेऊन मी धावत आईकडे गेले. नॅन्सी वडिलांकडे जाते, मी आईकडे गेले. छाती फुगली होती माझी. आई भाकरी थापत होती. तिने पिठाच्या हातांनीच चिठ्ठी वाचली. मी वाट बघत होते, ती आता उठेल, सगळ्यांना बोलावेल. आईने चिठ्ठीची घडी घातली. म्हणाली, "हे तू बघितलं नाहीस."

"पण आई, काकी..."

"घरातल्या कर्त्या माणसाचं नाव असं घेत नसतात. उद्या घर फुटलं तर तुझ्या लग्नाला कोण उभं राहील?" आणि मग अगदी हळू, माझ्याकडे न बघता, "काय वाटतं तुला, कुणालाच माहीत नाही?"

चार दिवसांनी कोट इस्त्री होऊन आला. आईने माझ्यादेखत ती चिठ्ठी त्याच खिशात, त्याच घडीत परत ठेवली.

तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. सुतळीकडे बघणारी आजी. ती तीस वर्षं त्या गाठी बघत होती. पहिल्या क्षणालाच तिला कळलं होतं. तिने मुलगा वाचवला आणि सून दिली. माझ्या वहीतल्या संशयितांत एकाही पुरुषाचं नाव नव्हतं, हेसुद्धा तेव्हाच दिसलं. कुणी शिकवलं होतं मला? कुणीच नाही. वही मी बंबात घातली.

धाकट्या काकीने नंतर आखाजीला माहेरी जाणं सोडलं. पुन्हा काही हरवलं तर? तीन आखाज्या ती गेली नाही. गल्लीतल्या सासुरवाशिणी झोके घ्यायला माहेरी निघायच्या आणि ही ओट्यावर उभी राहून बघायची. चौथ्या वर्षी तिची आई वारली. ती पोचली ती दहाव्याला. १९८१ साली आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं काकीनेच केलं. जाताना आजीने गळ्यातली बोरमाळ काढून तिच्या हातात ठेवली, एक शब्द न बोलता. त्यावरही लोक म्हणाले, बघा, शेवटी काढलीच. मोठे काका १९८८ साली गेले. पाटल्या कधी आल्या नाहीत. १९८३ साली लग्न होऊन मी जळगावला आले होते आणि गप्प होते.

पण हे प्रकरण अधूनमधून माझी पाठ धरायचंच. एकदा पेपरात रजनी पंडित यांच्याविषयी वाचलं. मुंबईच्या रजनीताई, मराठी वाङ्मय शिकलेल्या, वडील पोलिसांच्या गुप्तचर खात्यातले; १९८० च्या दशकात त्या खाजगी गुप्तहेर झाल्या, त्या काळी बाईने असा व्यवसाय करणं म्हणजे अचंबाच. त्यांचं पहिलं प्रकरण कोणतं होतं माहीत आहे? त्या कचेरीत नोकरीला असताना बरोबरच्या एका बाईंच्या घरी चोरी झाली. बाईंचा संशय घरात नव्याने आलेल्या सुनेवर! रजनीताईंनी पाळत ठेवली, शोध लावला. चोर निघाला त्या बाईंचाच मुलगा. मी वाचत होते आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. म्हणजे गोष्ट तीच. सून, संशय आणि घरचाच मुलगा. फरक एवढाच की त्यांनी ते सांगितलं.

आणि आणखी एक गोष्ट, ती मला फार नंतर कळली. नॅन्सी ड्रूच्या पुस्तकांवर लेखिका म्हणून कॅरोलिन कीन हे नाव असतं. अशी कुणी बाई नव्हतीच! पुस्तकं काढणाऱ्या मंडळींनी ठरवलेलं ते नाव. पहिल्या तीस पुस्तकांतली तेवीस लिहिली मिल्ड्रेड वर्ट बेन्सन या बाईंनी. सुरुवातीला एका पुस्तकाला १२५ डॉलर घेऊन, आणि आपण लिहिली असं कुठेही सांगायचं नाही अशा करारावर सही करून. पन्नास वर्षं त्या गप्प राहिल्या. १९८० मध्ये प्रकाशकांच्या आपसातल्या खटल्यात त्यांची साक्ष झाली तेव्हा जगाला कळलं. २००२ साली, शहाण्णवाव्या वर्षी त्या वारल्या, तोवर वर्तमानपत्रात लिहीत होत्या. घराघरांत मुलींना 'खरं शोधा, खरं बोला' म्हणणारी नॅन्सी, आणि तिची आईच तोंडावर बोट ठेवून बसलेली!

हे सगळं मी नातीला त्या दुपारी सांगितलं. कुरडया वर कडकडीत वाळून गेल्या. ती मांडी घालून ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "मग काकीआजींना तू कधी सांगितलंस?"

मी म्हटलं, "नाही सांगितलं."

"अजूनपण नाही?" असं तिने विचारलं तेव्हा तिच्या तोंडावर जे आलं ते बघून मी उठून गच्चीवरच गेले. कावळे हाकलायला.

त्या रविवारी आम्ही दोघी धुळ्याला गेलो. २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झाल्यापासून मी उगाचच दोनदा जास्त प्रवास करते, पण धुळ्याची वाट या वेळी लांब वाटली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, माझी तोंडातल्या तोंडात उजळणी चालू. काकी आता सत्तरीची. काका गेले, मुलगा-सून नाशिकला. ती देवपुरात एकटी राहते. गेल्या-गेल्या कैरीचं पन्हं, शेवभाजी, कळण्याची भाकरी. तिचं प्रेम कधीच आटलं नाही. जेवणं झाली, आणि मी सांगून टाकलं. गाठ, चिठ्ठी, चैत्रातली तारीख, आईने खिशात परत ठेवलेली घडी, सगळं.

मला वाटलं होतं ती रडेल. किंवा म्हणेल, जाऊ दे गं, जुनं झालं. कथांत तसं होतं.

काकी बराच वेळ हातातली सुपारी फिरवत राहिली. मग म्हणाली, "मोठ्या भाऊजींनी ठेवल्या होत्या, ते मला यांनी दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं."

"मग तू..."

"मी काय बोलणार? पण मी एक समजूत धरून होते. मला वाटायचं, आमच्या दोघांशिवाय घरात कुणालाच खरं माहीत नाही. सासूबाईंना नाही, तुझ्या आईला नाही. माहीत नाही म्हणून बिचाऱ्या अशा वागतात. माहीत असतं तर वागल्या नसत्या. त्या समजुतीवर मी दिवस काढले गं." ती थांबली. "आणि आज तू सांगतेस, सगळ्यांना माहीत होतं."

ती उठली आणि चहा टाकायला आत गेली. दोन कप चहाला वीस मिनिटं लागली. मी आत गेले नाही. मला तो हक्क नव्हता.

बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस. पण फार उशीर केलास. तेव्हा तू नुसती माझ्याजवळ येऊन बसली असतीस, तरी चाललं असतं. काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. तू तर त्या वर्षापासून माझ्याकडे यायचीच बंद झालीस. मला वाटलं, हिलाही पटलं."

मैत्रिणींनो, हे माझ्या कधी डोक्यात आलंच नव्हतं. मी पन्नास वर्षं घोकत राहिले की तेरा वर्षांची पोर काय करू शकत होती? घराला कोण विचारणार होतं? आईने तोंड बंद केलं, मी काय करणार? आणि करायचं होतं ते एवढंच होतं. दुपारी तिच्याजवळ जाऊन तांदूळ निवडत बसायचं. लाजेने, भीतीने मी तिच्याकडे बघायचं टाळलं, आणि तिने त्याचा अर्थ असा घेतला.

गुप्तहेरांच्या पुस्तकांत चोर सापडला की गोष्ट संपते. आपल्या घरांत ती तिथून सुरू होते. चोराला त्याच घरात जेवायला वाढायचं असतं. म्हणून मी आईला दोष देत नाही. तिच्या जागी तिने मला जपलं. पण आता मी त्या वयाच्या पुढे आले आहे. नॅन्सी जन्मली त्याच १९३० साली इंग्लंडमध्ये अगाथा ख्रिस्तीबाईंची मिस मार्पल नावाची म्हातारी पहिल्यांदा कादंबरीतून पुढे आली. विणकाम करता-करता, गावातल्या माणसांच्या खोडी आठवून ती खुनी ओळखते. कुणी तिला गंभीरपणे घेत नाही, हीच तिची ताकद. आपण नॅन्सी तर राहिलो नाही, निदान मार्पल व्हायला काय हरकत आहे? एखाद्या लग्नाघरी, कार्यात कधी काही हरवतं. बोट नेहमी कुणाकडे जातं ते आपल्याला ठाऊक असतं, नवी सून, कामवाली, गरीब नातेवाईक. त्या वेळी खरा चोर शोधायची गरज नसते. फक्त त्या बाईच्या शेजारी जाऊन बसा. सगळ्यांच्या देखत.

आणि घरातली मुलगी रहस्यकथा वाचत असली तर वाचू द्या. कावळे आपण हाकलू. ती एखादी चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे आली, तर भाकरी बाजूला ठेवून आधी तिचं ऐकून घ्या.

परवा काकीचा फोन आला. आमची नात तिला त्या दिवशी नॅन्सीची पहिली गोष्ट सांगत होती आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून ती अर्धीच राहिली होती.

"काय गं," काकी म्हणाली, "त्या पोरीला शेवटी घड्याळात काय सापडलं?"

"वही सापडली काकी. म्हाताऱ्याने मृत्युपत्र कुठे ठेवलंय ते त्यात लिहिलेलं होतं."

"म्हणजे लिहून ठेवलं होतं म्हण ना त्याने."

"हो."

"बरं केलं," काकी म्हणाली. मग जरा थांबून, "श्रावणात कानबाईला ये. दोन दिवस आधीच ये. गहू निवडायला."